१ ऑगस्टचा दिनविशेष: पोरीला पाच ओळी सांगायच्यात, कुठल्या धरू?

दुपारचा_चहा

नमस्कार मंडळी. मुलगी सहावीत आहे. १ ऑगस्टला त्यांच्या वर्गाकडे परिपाठ आहे आणि हिच्या वाट्याला दिनविशेष आलाय. (तिला खरं तर सुविचार हवा होता, एका ओळीत सुटका होते, पण तो शेजारच्या बाकावरच्या मैत्रिणीने आधीच पटकावला.) बाई म्हणाल्यात पाच ओळी, पाठ करून, कागद न बघता.

आता झालंय असं की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक काका रोज पहाटे साडेपाचला दिनविशेष टाकतात, त्यांच्याकडून १ ऑगस्टचा मागून घेतला, तर आली भलीमोठी यादी, त्यात मीनाकुमारी, भगवानदादा, स्वित्झर्लंड, ऑक्सिजनचा शोध, एमटीव्ही, महसूल दिन, फ्रेंडशिप डे, गुलामगिरी बंद झाली, पहिलं महायुद्ध, बर्लिन ऑलिम्पिक, सगळी खिचडी, आणि सगळ्यात वर ठळक अक्षरात 'लोकमान्य टिळक व अण्णाभाऊ साठे जयंती, विनम्र अभिवादन'. मी तेच उतरवून द्यायला बसले तर सासरे पेपरातून डोकं वर काढून म्हणाले, अगं टिळकांची जयंती नव्हे, पुण्यतिथी! आता पहिलीच ओळ चुकलेली असेल तर खालच्यांचं काय?

तर यातलं खरं काय, आणि पाच ओळींत काय बसवू? आणि महसूल दिन म्हणजे नक्की काय असतं? नवरा म्हणतो सोडून दे तो, पोरांना काय कळणार, पण पोरगीच मागे लागलीये की महसूल म्हणजे काय ते सांग.

खडूची_पूड

ताई, सासरेबुवा बरोबर आहेत. टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६, रत्नागिरी. १ ऑगस्ट १९२० ला ते गेले, मुंबईत. अण्णाभाऊंचा जन्म १ ऑगस्ट १९२०, वाटेगाव. म्हणजे तारीख एक आणि सालही एकच, एकाची पुण्यतिथी आणि दुसऱ्याची जयंती.

ही चूक दरवर्षी होते आणि का होते तेही सांगतो, मी जिल्हा परिषद शाळेवर आहे, माझ्या डोळ्यांदेखत होते. त्या दिवशी टेबलावर दोन फोटो एकाशेजारी एक ठेवायचे, दोन हार, दोन उदबत्त्या, एकच नारळ. फळ्यावर लिहायचं 'जयंती व पुण्यतिथी', फळा पुरत नाही, मग कुणीतरी 'पुण्यतिथी' पुसतं, राहते ती 'जयंती'. त्याचा फोटो निघतो आणि ग्रुपवर जातो. दोन वर्षांमागे आमच्या चौथीच्या एका गड्याने माईकवर धडधडीत सांगितलं, 'आज लोकमान्य अण्णाभाऊ टिळक यांची जयंती'. सगळी शाळा हसली, तो बिचारा पुढे बोललाच नाही. त्यामुळे बाईंनी कागद बघू नको म्हटलं असेल तरी पोरीला चिठ्ठी खिशात ठेवायला सांगा.

फ्रेंडशिप डे काढून टाका, तो आपल्याकडे ऑगस्टच्या पहिल्या रविवारी असतो, १ तारीख रविवारी आली तरच जुळतो. २०२१ ला जुळला होता, तेव्हाची यादी काका अजून फिरवत असणार. मीनाकुमारीचं जन्मसाल काही ठिकाणी १९३२ तर काही ठिकाणी १९३३ असतं, तेही सोडा. ऑक्सिजन ठेवायला हरकत नाही, सहावीच्या पोरांना आवडतं: १ ऑगस्ट १७७४, जोसेफ प्रीस्टली, मोठ्या भिंगाने ऊन एकवटून पाऱ्याच्या लाल भस्मावर पाडलं आणि जो वायू निघाला त्यात मेणबत्ती एकदम भडकून पेटली. हे असं सांगितलं की मागच्या रांगेतली पोरंसुद्धा ऐकतात. नुसतं 'ऑक्सिजनचा शोध लागला' म्हटलं की ती बुटाने माती उकरत बसतात.

चर्नीरोड_स्लो

टिळकांवर एक ओळ द्यायची असेल तर 'स्वातंत्र्यसेनानी' वगैरे नको हो, ते सगळेच म्हणतात. जागा सांगा. क्रॉफर्ड मार्केटजवळ सरदारगृह म्हणून इमारत आहे, टिळक मुंबईत आले की तिथे उतरायचे, तिथेच गेले. जुलैभर आजारी होते. ३१ जुलैची रात्र, बाराचे ठोके पडून गेले, साडेबारा उलटून गेल्यावर प्राण गेला, म्हणून तारीख १ ऑगस्ट. पाऊण तासभर आधी झालं असतं तर आज ३१ जुलैला हार घातले असते आणि तुमचा हा धागाच निघाला नसता.

आणि अंत्यसंस्कार स्मशानात नाही झाले, गिरगाव चौपाटीवर वाळूत झाले, त्याला सरकारची खास परवानगी काढावी लागली. गर्दी लाखांनी, वरून पाऊस. पालखीला खांदा देणाऱ्यांत गांधीजी होते. आता गंमत बघा (गंमत हा शब्द बरोबर नाही, पण असो), त्याच १ ऑगस्टला गांधीजींनी व्हाइसरॉयला पत्र पाठवून कैसर-ए-हिंद आणि आफ्रिकेतल्या लढायांची पदकं परत केली, असहकार सुरू झाला तो त्याच दिवशी. तारीख आधीच ठरली होती, टिळक त्या दिवशी जातील हे कुणाला माहीत? एक माणूस गेला आणि पुढचा डाव दुसऱ्याच्या हातात आला ते एकाच दिवसात, मुंबईतच. मी लहानपणापासून चौपाटीवर त्या पुतळ्याच्या चौथऱ्याला टेकून भेळ खाल्लीये, पुतळा तिथेच का आहे हे मला वयाच्या तिशीत कळलं.

वाळवा_एसटी

वाटेगाव आमच्या तालुक्यातलं, त्यामुळे राहवत नाही, थोडं लांबेल, माफ करा.

अण्णाभाऊंबद्दल सगळे 'दीड दिवसाची शाळा' एवढंच सांगतात. खरंय ते, मातंग समाजातलं पोर, शाळेत जी वागणूक मिळाली त्याने शाळा सुटली ती सुटलीच. पण परिपाठाला दर वर्षी तेच ऐकून पोरांना वाटतं त्या माणसाचं मोठेपण म्हणजे शाळेत न जाणं. आमच्या पुतण्याने एकदा विचारलं होतं, मग मी का जाऊ! तेव्हा ती ओळ टाळा किंवा पुढचं पण सांगा. पुढचं असं की बापाबरोबर वाटेगावहून मुंबईला पायी निघाले. पायी म्हणजे आज आमची रातराणी सुद्धा रात्रभर घेते एवढा पल्ला. वाटेत मिळेल ते काम करत गेले. मुंबईत हमाली, गिरणी, पडेल ते. अक्षरओळख तिथे पक्की झाली, दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाची पोस्टरं वाचून. मग १९४४ ला अमर शेख आणि गवाणकर यांच्याबरोबर लाल बावटा कलापथक. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत 'माझी मैना गावावर राहिली' ही छक्कड (लावणीच्या चालीचं गाणं), आमच्याकडे अजून जत्रेत कुणी म्हणायला लागलं की पन्नाशीच्या पुढची माणसं उठून पुढे येऊन बसतात. ती मैना म्हणजे कारभारीण, आणि गाणं पुढे सरकतं तसं कळतं की ताटातूट फक्त नवराबायकोची नाही, मुंबई, बेळगाव, कारवार, सगळं त्यात येतं.

'फकिरा' ही कादंबरी घाटकोपरच्या चिरागनगरच्या झोपडीत राहून लिहिली, प्रस्तावना वि. स. खांडेकरांची, अर्पण केलीये बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीला. १९६१ ला राज्य सरकारचं पारितोषिक. त्याच साली रशियाला जाऊन आले आणि प्रवासवर्णन लिहिलं. १८ जुलै १९६९ ला गेले, पन्नाशी पण गाठली नाही. म्हणजे बघा पुण्यतिथी १८ जुलै, मग २३ जुलै टिळक जयंती, मग १ ऑगस्ट. दोन आठवड्यांत दोघांचं येणं-जाणं सगळं उरकतं, गोंधळ होणारच!

आणि एक खास आमचं. अण्णाभाऊ जन्मले तेव्हा वाटेगाव सातारा जिल्ह्यात होतं. दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला तो १ ऑगस्ट १९४९ ला, त्यालाच १९६० पासून सांगली म्हणतात. म्हणजे माणसाला एकोणतीस वर्षं पूर्ण झाली त्याच दिवशी त्याच्या गावाचा जिल्हा बदलला. हे कुठल्याच फॉरवर्डमध्ये नसतं. तुमच्या काकांना पाठवा. आणि ३ ऑगस्टला क्रांतिसिंह नाना पाटलांची जयंती, तेही आमच्याच तालुक्यातले, ३ तारखेच्या वर्गाला सांगून ठेवा.

सातबारा_कोरा

वरच्या वाळवेकरांनी १ ऑगस्ट १९४९ काढलं ते वाचून मला खुर्चीतच हसू आलं. माझ्या अंदाजाने तो योगायोग नाही. जिल्हा १ ऑगस्टलाच का सुरू करतात? कारण महसुली वर्ष १ ऑगस्टला सुरू होतं! आणि ताईंच्या मुलीचा प्रश्न तोच आहे, महसूल दिन म्हणजे काय. महसूल म्हणजे सरकारला मिळणारं उत्पन्न, गावाकडे मुख्यतः जमिनीचा सारा.

मी तीस-बत्तीस वर्षं खात्यात काढली, तलाठी म्हणून लागलो आणि नायब तहसीलदार होऊन सुटलो, तेव्हा जरा ऐसपैस सांगतो. सरकारी तिजोरीचं वर्ष एप्रिल ते मार्च, शाळेचं जून ते एप्रिल, कॅलेंडरचं जानेवारी ते डिसेंबर, आणि गावच्या जमिनीचं १ ऑगस्ट ते ३१ जुलै. कारण जमिनीचं वर्ष पाऊस आणि पिकावर चालतं. जुलैअखेर खरिपाच्या पेरण्या झालेल्या असतात, मागच्या सालाची पिकं घरात येऊन, विकून, शेतसारा भरून सगळं मिटलेलं असतं. मागचा हिशेब बंद करायचा आणि नवा उघडायचा तर हीच वेळ. म्हणून ३१ जुलैला दप्तर बांधायचं, १ ऑगस्टला नवं सोडायचं. तोच दिवस आता महसूल दिन म्हणून पाळतात. २०२३ ला त्याचा महसूल सप्ताह पण केला.

मुलीला कसं सांगायचं? सातबारा दाखवा. घरात नसेल तर गावाकडच्या कुणाचा तरी मागवा, हल्ली मोबाईलवर निघतो. सातबारा म्हणजे सात आणि बारा, गाव नमुना ७ आणि गाव नमुना १२. सातमध्ये जमीन कुणाची, बारामध्ये तिच्यावर काय पेरलंय. असे गावाच्या दप्तराचे एक ते एकवीस नमुने असतात, त्यातले हे दोन एका कागदावर आले म्हणून त्याला सातबारा नाव पडलं. आठ-अ मध्ये एका माणसाच्या खात्यावर गावात एकूण किती जमीन ते कळतं. सहा म्हणजे फेरफार, कुणी विकली, कुणी मेलं, वारस लागले, ते आधी तिथे चढतं. पोरीला म्हणा, शाळेत हजेरीपट असतो ना, तसा हा जमिनीचा हजेरीपट, आणि त्याची नवी वही १ ऑगस्टला उघडते.

आमच्या वेळी ३१ जुलैची रात्र म्हणजे चावडीवर कंदील. लाईट त्या दिवशी हमखास जायची. कोतवाल गूळ घातलेला बिनदुधाचा चहा आणायचा आणि मी बेरजा घालत बसायचो, खरिपाचं क्षेत्र आणि गावाचं एकूण क्षेत्र जुळलं नाही तर सकाळी सर्कलपुढे (तलाठ्याच्या वरचा अधिकारी) उभं राहायची सोय नाही. एकदा बेरजेत फक्त तीन गुंठे कमी येत होते. तीन गुंठे! रात्री दीडपर्यंत शोधले, शेवटी सापडले, एका पानावर विहिरीखालचं पोटखराब (लागवडीला न येणारं) क्षेत्र मी दोनदा वजा केलं होतं. आता सगळं संगणकावर, ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतःच बांधावर उभा राहून फोटो काढतो, तलाठ्याला पण आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. चांगलं आहे. कंदील गेला ते बरंच झालं.

स्पष्ट_सांगतो

मला एक कळत नाही, टिळक आणि अण्णाभाऊ यांना एका टेबलावर बसवून आपण नक्की काय साधतो? एक चिखलीचे खोत घराण्यातले, केसरीचे संपादक. दुसरे गावकुसाबाहेरच्या वस्तीत जन्मलेले, लाल बावट्याचे शाहीर. टिळकांची सामाजिक सुधारणांबद्दलची मतं अण्णाभाऊंना पटली असती का? तारीख एक आली म्हणून एकाच नारळात दोघांना उरकायचं, वर म्हणायचं समरसता. खरं तर दोघांवर वेगवेगळे अर्धे तास पाहिजेत.

खडूची_पूड

@स्पष्ट_सांगतो अर्धा तास?! साहेब, परिपाठात राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, प्रार्थना, सुविचार, बातम्या, बोधकथा, पसायदान, आणि त्यात वाट काढून दिनविशेष. दीड मिनिट मिळतं, तेवढ्यात पाऊस आला तर तेही व्हरांड्यात. मुद्दा तुमचा मान्य आहे. आमच्याकडे मी गेली काही वर्षं एवढंच करतो, टिळकांवर एक मुलगा बोलतो आणि अण्णाभाऊंवर दुसरी मुलगी, आणि दोघांनी 'थोर' हा शब्द वापरायचा नाही. त्या एका अटीने निम्मं भाषण गळतं. उरतं त्यात काहीतरी सांगण्यासारखं असतं.

बाझेलकर_माऊ

यादीत स्वित्झर्लंड आहे ते बरोबर आहे, मी तिथूनच लिहितेय. १ ऑगस्ट इथला राष्ट्रीय दिवस. संध्याकाळी पोरं कागदाचे आकाशकंदील काठीला लावून फिरतात (पहिल्या वर्षी मला दिवाळीच आठवली आणि जरा रडू आलं), डोंगरांवर मोठमोठ्या होळ्या पेटतात, सकाळी शेतकऱ्यांच्या गोठ्याशेजारी बाकं मांडून न्याहारी. १२९१ सालचं एक कातड्यावरचं करारपत्र आहे, उरी, श्वित्स आणि उंटरवाल्डेन या तीन खोऱ्यांच्या लोकांनी एकमेकांना मदत करायची शपथ घेतली ते. पण त्या पत्रावर १ तारीख नाहीच! ऑगस्टच्या सुरुवातीला, एवढंच लॅटिनमध्ये लिहिलंय. १ तारीख १८९१ मध्ये सहाशे वर्षं झाली तेव्हा धरली गेली, आणि देशभर पगारी सुट्टी तर १९९४ पासून. तोपर्यंत बरेच जण दिवसभर कामाला जाऊन संध्याकाळी होळी बघायचे. आपल्याकडे शिवजयंती तारखेने की तिथीने यावर भांडण होतं ते मी नवऱ्याच्या ऑफिसातल्या एका स्विस बाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, तुमच्याकडे निदान भांडायला तारीख तरी आहे.

गल्ली_पॉईंट

गुलामगिरीची ओळ पण खरी आहे पण अर्धी. १ ऑगस्ट १८३४ ला ब्रिटिश साम्राज्यात कायदा लागू झाला, पण मोकळी झाली ती फक्त सहा वर्षांखालची पोरं, बाकीच्यांना शिकाऊ उमेदवार म्हणून त्याच मालकाकडे राबवलं, खरी सुटका १ ऑगस्ट १८३८ ला. मळ्यांवर माणसं कमी पडायला लागली म्हणून मग आपल्याकडची गिरमिटिया (करारावर नेलेल्या) मजुरांची जहाजं सुरू झाली, मॉरिशसला आज जी मराठी मंडळी आहेत त्यांचे पणजोबा-खापरपणजोबा त्यातूनच गेलेले.

वेस्ट इंडीजमध्ये बऱ्याच बेटांवर त्या दिवशी सुट्टी असते. आणि त्यातल्याच बार्बाडोसला १ ऑगस्ट १९२४ ला जन्मला फ्रँक वॉरेल, वेस्ट इंडीजच्या क्रिकेट संघाचा पूर्ण मालिकेसाठी नेमलेला पहिला काळा कर्णधार. १९६२ ला बार्बाडोसलाच आपला कप्तान नरी कॉन्ट्रॅक्टरच्या डोक्याला चेंडू लागला तेव्हा रक्त द्यायला विरुद्ध संघाचा हा कप्तान पुढे आला होता. मी असतो तर पाचवी ओळ हीच घेतली असती. काकांच्या यादीत नसणार, पैज.

दुपारचा_चहा

सगळ्यांचे खूप आभार, एवढं येईल असं वाटलंच नव्हतं. (आणि हो, वॉरेल यादीत नव्हता.) परिपाठ झाला आज सकाळी, म्हणून सांगायला आले.

पोरीने स्वतःच निवडलं. ऑक्सिजन घेतला, त्या भडकलेल्या मेणबत्तीसाठी. महसूल घेतला, सासऱ्यांनी गावच्या सातबाऱ्याची प्रिंट काढून आणली ती तिने हातात धरून दाखवली, मागून एक जण ओरडला म्हणे, आमच्याकडे पण आहे! वॉरेल घेतला. टिळक आणि अण्णाभाऊ मात्र तिने एकाच ओळीत घेतले, मी म्हटलं वेगळे घे, तर ऐकलं नाही. 'थोर' नव्हतं.

आणि मग माईकवर, कुणी न सांगता, असं म्हणाली की टिळक रात्री साडेबारानंतर गेले, तर अण्णाभाऊ जर बारा ते साडेबारामध्ये जन्मले असतील तर थोडा वेळ दोघं एकदमच होते. मुख्याध्यापक म्हणाले, अण्णाभाऊंची जन्मवेळ कुणाकडे आहे का? व्हरांडाभर शांतता. मग ही म्हणाली, सर, त्यांच्या घरी घड्याळ होतं का ते आधी बघायला पाहिजे.

वाळवा_एसटी, तुम्हाला म्हणून विचारतेय, ऑक्टोबरच्या सुट्टीत वाटेगावला यायचं म्हणतेय ती. मुंबईहून थेट गाडी आहे का, की इस्लामपूरला बदलावी लागते?

वाळवा_एसटी

इस्लामपूरला उतरा, पुढे गाडी आहे, नसली तर वडाप (शेअर जीप) आहेच. निघायच्या आधी इथे टाका फक्त. घड्याळाचं मी गावात विचारून ठेवतो.